अठरानंतरची खोली: नागपुरातल्या ‘आफ्टर केअर’ सोयीचं परीक्षण

एकूण गुण पाचपैकी तीन. पैशाला साडेतीन, छपराला दोन. कागदपत्रांच्या मदतीला किती द्यायचे हे मूल कोणत्या अधीक्षकांच्या हाताखाली वाढलं त्यावर ठरतं, त्यामुळे तो रकाना कोरा ठेवला आहे.

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठरा पूर्ण झाले की संस्था सोडावी लागते. तिथून एकविसाव्या वर्षापर्यंत सरकारकडून जो आधार मिळू शकतो तो म्हणजे अनुरक्षण, सगळ्यांच्या तोंडी ‘आफ्टर केअर’. हे परीक्षण त्यातल्या राहण्याच्या सोयीपुरतंच आहे. शिक्षण, नोकरी, समुपदेशन हे विषय जिथे खोलीच्या आड येतात तिथेच घेतले आहेत.

आधी कायद्याने काय देऊ केलंय ते पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४६ सांगतं की संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. म्हणजे ‘द्यावंच लागेल’ नाही. मागितलं नाही तर कोणी घरी आणून देणार नाही. केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम जरा मोकळ्या हाताने लिहिलेले आहेत: बाल कल्याण समिती (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणारी) किंवा बाल न्याय मंडळाच्या (गुन्ह्यात अडकलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या) आदेशाने एकवीसपर्यंत मदत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरतं एकत्र घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, संपर्कात राहणारा समुपदेशक, आणि पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात. २०२२ पासूनच्या मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत.

त्याच नियमांतली एक ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा संस्थेतल्या सामाजिक कार्यकर्त्याने मुलाच्या सुटकेनंतरचा आराखडा संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. हा आराखडा नीट झाला की पुढचं बरंच सुरळीत होतं. ‘मुलगा मावशीकडे जाईल’ एवढ्या एका ओळीत तो उरकला, की अठराव्या वाढदिवसानंतर तो मुलगा सीताबर्डीच्या बसस्टॉपवर बॅग घेऊन उभा असतो आणि मावशी फोन उचलत नाही. आमच्या मते दोन महिनेही कमीच. सतराव्या वर्षीच समितीला विचारायला सुरुवात करावी. वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे नमुना ७, त्यात ‘राहण्याची जागा’ हा मुद्दा नावपत्त्यासह लिहून घ्यावा आणि त्याची प्रत मुलाकडे असावी.

कोण बाहेर राहतं तेही स्पष्ट सांगायला हवं. अधिनियमाच्या व्याख्येत अनुरक्षण आहे ते ‘संस्थात्मक काळजी’ सोडणाऱ्यांसाठी. जे मूल बाल संगोपन योजनेतून काका-आजीकडे किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबात वाढलं, त्याचे महिन्याचे २,२५० रुपये अठरा झाल्यावर थांबतात आणि या व्याख्येत ते बसत नाही. घर त्याचंही सुटतं, कधी उघडपणे, कधी हळूहळू, पण कागदावर ते ‘कुटुंबात’ आहे. योजनेतला हा आम्हाला दिसलेला सगळ्यात मोठा दोष. दिव्यांग मुलांसाठी तर अठरा हा आकडाच निरर्थक आहे. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ते कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत की बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच छपराखाली राहू द्या.

आता प्रत्यक्ष जागा.

अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरा ओलांडलेल्या याच मुलांसाठीच्या निवासात, जागा मिळाली तर डिपॉझिट नाही, भाडं नाही, जेवण आहे. पहिल्या सहा महिन्यांसाठी याहून चांगलं काही नाही. पण जागा मोजक्या असतात, आणि जिथे काम मिळालं तिथेच गृह असेल असंही नाही. दुसरी अडचण फाटकाच्या वेळेची. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि गृहाचं फाटक त्याआधी बंद झालेलं असतं. यावर उपाय साधा आहे: कंपनीच्या लेटरहेडवर पाळीचं पत्र आणून ते आधीच अधीक्षकांकडे जमा करणं. हे पत्र कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मागावं, कारण भांडण झाल्यावर आणलेल्या पत्राला कोणी विचारत नाही.

शिकणाऱ्यांसाठी समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं हा आमचा पहिला पर्याय, आणि तो फार कमी मुलांना माहीत असतो. या वसतिगृहांत २ टक्के जागा अनाथांसाठी राखीव आहेत. राहणं, जेवण फुकट, वर निर्वाह भत्ता. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयला प्रवेश घेणारा असो की कॉलेजला जाणारा, वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या हंगामातच भरावा लागतो. गोची दोन ठिकाणी होते. वाढदिवस काही शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक बघून येत नाही: जानेवारीत अठरा झालेल्या बारावीच्या मुलीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, वसतिगृहाचे प्रवेश पावसाळ्यात. मधले पाच-सहा महिने कुठे काढायचे हे आराखड्यात लिहिलेलं नसेल तर ती परीक्षाच सोडते. दुसरी गोची उन्हाळ्याची. सगळी मुलं गावी जातात, मेस बंद होते, खोल्या रिकाम्या करायला सांगतात. ज्याला गाव नाही त्याने मे महिन्याची सोय मार्चमध्येच अधीक्षक आणि वॉर्डन दोघांशी बोलून लेखी करून घ्यावी.

कामाला लागलेल्या मुलींसाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांची वसतिगृहं. पगाराचा दाखला लागतो, आणि मुक्कामाला मुदत असते हे लक्षात ठेवावं. सुरक्षित आहे, पण पहिली नोकरी सुटली की प्रवेशाचा आधारच जातो.

राहिली भाड्याची खोली. बहुतेकांची गाडी शेवटी इथेच येऊन थांबते, म्हणून थोडं सविस्तर.

बजाजनगर, लक्ष्मीनगर, गोकुळपेठ हा भाग क्लासेसच्या मुलांनी भरलेला. तिथे कॉट बेसिसवर एका पलंगाचं भाडं जेवणाशिवायच ४,००० च्या योजनेचा बहुतेक भाग खाऊन टाकतं. आफ्टर केअरच्या मुलाने तिकडे बघूच नये. एमआयडीसीत काम असेल तर हिंगणा रोड, वाडी. मिहानकडे असेल तर खापरी, सोमलवाडा. नंदनवन, मानेवाडा, सक्करदरा इकडे अजून परवडणाऱ्या खोल्या मिळतात. मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत जाते आणि ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. त्यामुळे स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांत असलेली पूर्व नागपुरातली स्वस्त खोली, पश्चिमेतल्या महाग खोलीपेक्षा बरी पडते. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या पाळीवाल्याने शेवटच्या गाडीची वेळ आधी बघावी.

हिशेब मांडू. तिघांत मिळून ६,००० ची खोली घेतली तर वाटा २,०००. लाइट २५०, दोन वेळची मेस २,८००, येणं-जाणं ६००, मोबाइल ३००, साबण-तेल-औषध ५००. झाले ६,४५०. हातात ४,०००. दरमहा साधारण अडीच हजारांचा खड्डा, आणि यात कपडे नाहीत, डिपॉझिट नाही, उन्हाळा नाही. म्हणून ही रक्कम घर चालवायला पुरते असं कोणी सांगितलं तर त्याला ही बेरीज दाखवावी. आयटीआय करून अप्रेंटिस लागलेल्याला २०१९ च्या नियमांनी किमान ७,७०० रुपये विद्यावेतन ठरवलं. तेवढ्यावर तिघांची खोली कशीबशी निभते. मेस सोडून स्वयंपाक केला तर माणशी हजारभर वाचतात. गॅस जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो, तो नसतो. पण इंडियन ऑइलचा ५ किलोचा ‘छोटू’ सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे महाग पडतो आणि तिघांना पंधरा दिवसच पुरतो, तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तोच खरा.

खोली बघायला गेल्यावर नागपुरात पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. घरमालकीणबाई विचारतात, “गाव कोणतं रे बाबू तुझं? मायबाप काय करते?” इथे मुलं गडबडतात आणि काहीतरी गाव सांगून मोकळी होतात. मग करारासाठी आधार कार्ड मागितलं की पत्त्यात बालगृहाचं नाव निघतं, आणि बाईंना वाटतं पोरगं सुधारगृहातून आलंय. खोली तिथेच जाते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं किंवा संस्थेचं एक साधं पत्र सोबत ठेवावं: हा मुलगा अमुक वर्षं आमच्याकडे होता, आता शिकतो किंवा काम करतो, शासनाची दरमहा मदत सुरू आहे, अडचण आल्यास या कार्यालयाशी संपर्क साधावा. बालगृह म्हणजे गुन्ह्यातल्या मुलांची जागा नव्हे, हेही त्यात एका वाक्यात असावं. अधीक्षकांनी किंवा कक्षातल्या मॅडमनी घरमालकिणीला एक फोन केला तर पत्राच्या दुप्पट काम होतं. योजनेत या फोनसाठी रुपयाही लागत नाही, आणि आमच्या मते तीच तिची सगळ्यात मौल्यवान सेवा आहे. छपराला दोनच गुण दिले ते यासाठी की हा फोन करणं कुणाचं ठरलेलं काम नाही.

करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. घरमालकाला हे शांतपणे सांगता आलं तर तो स्वतःच नोंदणीला तयार होतो. खर्च वाटतो तेवढा नाही. ६,००० भाडं, १२,००० डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने पावणेदोनशेच्या आत बसतं, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. वरचे पैसे एजंटचे, ते तिघांत वाटून घ्यावे. कराराचा खरा उपयोग पुढे आहे: नोंदणीकृत भाडेकरार हा आधारवरचा पत्ता बदलायला चालतो, आणि एकदा पत्ता बदलला की बालगृहाचं नाव प्रत्येक कागदावर पाठीमागे येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं हेही घरमालकाचंच काम, पण फोटो आणि आधारची प्रत आपण तयार ठेवावी.

करारात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्याव्यात: लाइट बिल कसं आकारणार, कुलरचे वेगळे पैसे किती, आणि डिपॉझिट खोली सोडल्यावर किती दिवसांत परत. नागपुरात भांडण होतं ते बहुधा कुलरवरून. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत कुलरशिवाय पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपणं अशक्य. दीडशे-दोनशे वॉटचा कुलर रोज बारा तास चालला की महिन्याला साठ-सत्तर युनिट होतात. सबमीटरवर, म्हणजे खोलीपुरत्या वेगळ्या मीटरवर, घरमालक दहा रुपये युनिट लावत असेल तर सहा-सातशे रुपये. अख्ख्या घराला एकच मीटर असेल तर युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि त्याचा भार भाडेकरूवर टाकला जातो. म्हणून सबमीटर असलेली खोली शंभर-दोनशेने महाग असली तरी घ्यावी. जुना लोखंडी कुलर घेतला तर अर्थिंगचा तीन पिनांचा प्लग आहे का आणि सॉकेटला अर्थिंग येतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. पाणी भरताना प्लग काढावाच. कुलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि बालगृहात कुलरला हात लावायची कधी वेळच आलेली नसते.

कागदपत्रांबद्दल. इथे बारीक चुकीने महिने वाया जातात, म्हणून संस्था सोडायच्या आधीच करायची कामं सांगतो.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर बहुतेक वेळा अधीक्षकांचा किंवा संस्थेच्या लिपिकाचा असतो. त्यांची बदली झाली की ओटीपी दुसऱ्याच जिल्ह्यात वाजतो. स्वतःचं सिम घेऊन आधार केंद्रात ठसे देऊन नंबर बदलावा. पंधराव्या वर्षानंतरचं बोटांच्या ठशांचं अनिवार्य अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरकावं. बँक खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं असतं. अठरा झाल्यावर नवीन सही आणि केवायसी दिल्याशिवाय ते चालत नाही, आणि अनुरक्षणाचा पहिला हप्ता अशाच गोठलेल्या खात्यात अडकतो. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्यात पैसे जातात, म्हणून शिष्यवृत्तीसाठी मध्येच दुसरं खातं उघडलेलं असेल तर कोणतं खातं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून घ्यावं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं हेही ध्यानात असू द्या. संस्थेने मुलाच्या नावे ठेव ठेवली असेल तर तिची मूळ पावती मागावी.

समितीचे आदेश, म्हणजे संस्थेत दाखल केल्याचा आणि सोडल्याचा, यांच्या प्रमाणित प्रती मुलाकडे हव्यात. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका कोणी विसरत नाही, हे आदेश मात्र फाईलमध्येच राहतात. नंतर अनाथ प्रमाणपत्रासाठी तेच लागतात. या प्रमाणपत्राबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण आणि शासकीय नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशा दोन वर्गांत. पण आई किंवा वडील कोणी हयात असेल तर ते प्रमाणपत्र मिळत नाही, आणि बालगृहातल्या बऱ्याच मुलांचं एक पालक हयात असतं. अनुरक्षणाला मात्र अनाथ असण्याची अट नाही. प्रमाणपत्र नाकारलं म्हणून अनुरक्षणाचाही अर्ज न करणं ही निव्वळ गफलत. उलट, नातेवाइकांकडे वाढलेलं आणि दोन्ही पालक नसलेलं मूल अनुरक्षणातून सुटतं, पण ‘संस्थाबाह्य’ वर्गात बसतं. जुलै २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत या दोन्ही वर्गांतल्या मुलामुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, आणि वसतिगृहातल्या अनाथांच्या २ टक्के जागांना अर्ज करतानाही हेच प्रमाणपत्र पुढे ठेवता येतं. बाल संगोपनातल्या मुलाला छप्पर हवं असेल तर सध्या हाच सगळ्यात सरळ रस्ता.

हप्त्याच्या नियमितपणावर खोलीचं भाडं टांगू नये. निधी वरून टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि घरमालकाला पाच तारखेला पैसे हवे असतात. संस्था सोडताना तीन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट बाजूला असेल तरच खोली घ्यावी, नाहीतर आधी अनुरक्षण गृह किंवा वसतिगृह. ही सुरुवातीची एकरकमी उचल योजनेत वेगळी धरलेली नाही. नागपुरातल्या एखाद्या रोटरी-लायन्स मंडळाला किंवा बँकेतल्या कर्मचारी संघटनेला मदत करायचीच असेल तर ब्लँकेट वाटण्याऐवजी त्यांनी नेमकी हीच रक्कम परतफेडीच्या अटीवर द्यावी. उचल नसली की मुलं मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात, आणि त्या ॲपने यादीतल्या सगळ्या नंबरांना फोन लावले की संस्थेतले मित्रही तुटतात.

रूम पार्टनर निवडताना एकाच संस्थेतले तिघे एकत्र आले तर सोबत चांगली होते. पण तिघांचे हप्ते एकाच वेळी अडकतात, म्हणून तिघांपैकी एक तरी पगारी असावा. एकाने मध्येच खोली सोडली तर उरलेल्यांवर भाडं पडतं. करारात तिघांचीही नावं घालून घेतली तर घरमालक एकालाच धरत नाही.

एकवीसनंतर मुदत वाढवून हवी असेल तर अर्ज एकवीस पूर्ण व्हायच्या आत समितीकडे किंवा मंडळाकडे द्यावा, ज्याने मूळ आदेश दिला त्याच्याकडे. कारण नेमकं लिहावं: अभ्यासक्रमाचं उरलेलं वर्ष, आजारपण, दिव्यांगत्व, अप्रेंटिसशिप कधी संपते ती तारीख. सोबत बोनाफाईड किंवा कंपनीचं पत्र, चालू भाडेकराराची प्रत, गेल्या सहा महिन्यांचं पासबुक. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये, आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयालाही एक प्रत वेगळी द्यावी.